‘पोस्टमन अमर झाला असता’ या मजकुराला उत्तर

चालण्याने आयुष्य वाढत असते तर पोस्टमन अमर झाला असता. देवमासा दिवसभर पोहतो तरी लठ्ठच राहतो. ससा उड्या मारतो आणि लवकर मरतो, कासव हालत नाही आणि शेकडो वर्षे जगते. तेव्हा व्यायाम सोडा आणि आराम करा, अशा आशयाचा मजकूर वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा पुन्हा येतो. तो गंमत म्हणून पाठवला जातो हे खरे. पण जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या शहरात, आमच्या दांडिया बाजारातली साठी ओलांडलेली माणसे कमाटीबागेतले फिरणे बंद करताना हाच मजकूर पुढे करतात, म्हणून त्यातला एकेक दाखला तपासला पाहिजे.

पोस्टमनचा दाखला तर मजकुराच्या विरुद्धच जातो. 1953 साली डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करत तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर तो उशिरा आणि कमी तीव्रतेने होत होता. त्याच पाहणीत टपाल खात्याचे कर्मचारीही होते, आणि टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनांची स्थिती चांगली आढळली. चालक मुळातच अंगाने जाड असतील, ही शंका रास्त आहे. स्वतः मॉरिस यांनीच पुढे गणवेशांची मापे पाहून चालकांचा घेर जास्त असल्याचे दाखवले. मात्र वजन, वय आणि धूम्रपान यांचा हिशेब धरून नंतर झालेल्या मोठ्या अभ्यासांतही हालचालीचा फायदा टिकून राहिला.

देवमाशाची चरबी थंड पाण्यात ऊब टिकवण्यासाठी असते, आणि आयुष्यभर पोहणारा आर्क्टिक समुद्रातील बोहेड देवमासा दोनशे वर्षांहून अधिक जगू शकतो.

ससा आणि कासव या वेगळ्या जाती आहेत. त्यांच्या आयुर्मानावरून माणसाने काय करावे हे ठरत नाही. पण या तुलनेमागे हृदयाचे ठोके मोजून मिळालेले असतात आणि व्यायामाने ते लवकर संपतात, अशी एक समजूत दडलेली असते. ती घटकाभर खरी धरली तरी हिशेब उलटा निघतो. मिनिटाला 72 ठोके पडणाऱ्या माणसाचे दिवसाचे ठोके 1,03,680 होतात. नियमित व्यायामाने विश्रांतीतली गती हळूहळू उतरते. ती 62 वर आली आणि रोज तासभर 120 ठोके पडले, तरी बेरीज 92,760 भरते.

‘आराम करा’ या सल्ल्याचे काय होते, हे 1966 साली अमेरिकेतील डॅलस येथे दिसले. पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले असता त्यांची शारीरिक क्षमता सुमारे पाव हिश्शाने घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी निघाली. आमच्या शेजारच्या काकूंनी फिरणे सोडल्यावर काही महिन्यांतच त्या दोन्ही हात खुर्चीवर रेटून उठू लागल्या. मांडीचे स्नायू वापरले नाहीत की असेच होते.

मेंदूविषयी हा मजकूर अवाक्षरही काढत नाही, आणि मला त्यातली हीच उणीव सर्वांत मोठी वाटते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 120 वयस्क स्त्रीपुरुषांचे दोन गट केले होते. आठवड्यातून तीनदा सुमारे चाळीस मिनिटे चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग वर्षभरात सुमारे दोन टक्के वाढला, तर केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तोच भाग आक्रसला. प्रयोग छोटा होता; तरीही विसरभोळेपणाची धास्ती घेतलेल्या माणसाला बसून राहा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सुचवते. ज्यांनी फिरणे सोडले आहे, त्यांनी दहा मिनिटांपासून सुरुवात करावी, मे महिन्यात ऊन चढण्याआधी घरी परतावे, आणि चालताना छातीत दाब जाणवला तर तिथेच थांबून विनाविलंब डॉक्टरांना गाठावे.