‘फॉरमॅट मारा, भंगारात द्या’: या फॉरवर्डमधलं खरं किती?

छोट्या व्यावसायिकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून फिरून येतो. मजकूर साधारण असा: ‘जुना कॉम्प्युटर सांभाळत बसू नका, पाच वर्षं झाली की तो कचराच. फॉरमॅट मारा, डेटा गेला. भीती वाटत असेल तर हार्ड डिस्कवर चुंबक फिरवा. मग भंगारात द्या, तिथे रिसायकलिंग होतंच.’ सल्ले चार, आणि चारही कुठे ना कुठे गंडलेले. दुरुस्तीच्या टेबलावर बसून रोज जे दिसतं त्यावरून लिहितोय.

‘फॉरमॅट मारला की डेटा गेला.’ सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच, म्हणून आधी हा. क्विक फॉरमॅटने फाइली जागच्या हलत नाहीत, फक्त अनुक्रमणिका फाटते. पुस्तक तसंच राहतं. एका ऑफिसचा पीसी माझ्याकडे आला तेव्हा मालक छातीठोकपणे म्हणाले, ‘त्यात काही नाही, मीच फॉरमॅट केलाय.’ त्यांच्यासमोरच फोटोरेक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते फाइलींची मूळ नावं आणत नाही, ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा एवढंच देतं. त्यातली तिसरी की चौथी फाइल उघडली, तर पगारपत्रक. मग मालकच खुर्ची ओढून बसले, ‘ही उघड, ती उघड’ सुरू झालं. गिऱ्हाइकांच्या ओळखपत्रांचे स्कॅन निघाले तेव्हा आवाज बंद.

यात नवीन काही नाही. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत या संशोधकांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या. २००३ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या फक्त १२.

मग करायचं काय? फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा शून्यं लिहिली की पुरे. ‘सात वेळा पुसा’ हा जुन्या काळातला सोवळेपणा आहे, आजच्या डिस्कला एक फेरी बास. विंडोजचा पूर्ण फॉरमॅट व्हिस्टा या आवृत्तीपासून तेच करतो, फक्त ‘क्विक’वरची खूण काढायची आणि चहा घेऊन यायचं. तोही एकदा नव्हे, दोनदा, कारण वेळ लागतो. एसएसडीचं, म्हणजे चकतीऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. तिच्या आतला कंट्रोलर, म्हणजे कुठे काय लिहायचं ते ठरवणारी चिप, लिखाण सगळ्या चिपवर वाटत राहतो आणि काही जागा राखून ठेवतो. वरून शून्यं लिहिली तरी ती राखीव जागा हाती लागेलच असं नाही. तिथे ड्राइव्हची स्वतःची ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइझ’ कमांड वापरायची. बऱ्याच कंपन्यांच्या टूलमध्ये ती असते, काही मशीनच्या बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये. आणि डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारी, असेल तर चावी पुसली की काम झालं. अर्थात, तिची प्रत कुठल्या क्लाउड खात्यात पडून नाही ना, हे बघून.

‘चुंबक फिरवा.’ फ्रिजवरच्या चुंबकाने हार्ड डिस्कला काही होत नाही. तिच्या पोटातच त्याहून कितीतरी ताकदवान चुंबक बसवलेले असतात. एसएसडीत तर चुंबकीय काही नसतंच. पुढे.

‘पाच वर्षं झाली की कचरा.’ इथे मेसेज अगदीच खोटा नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, त्यामुळे बरीच धडधाकट मशीन अडकली. पण ती विंडोजपुरती. चकतीची डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, की बिलं, मेल आणि ब्राउझर एवढ्या कामाला तेच मशीन आणखी काही वर्षं आरामात चालतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर ते मशीन त्या टेबलावर नको, दुसऱ्या टेबलावर ठेवा. मात्र पंधरा-सोळा वर्षांचा डबा शाळेला ‘दान’ करून हात झटकणं मला पटत नाही. चार्जर नाही, बॅटरी मेलेली, असं मशीन देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं.

‘भंगारात रिसायकलिंग होतंच.’ संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे ती २२.३ टक्क्यांची. उरलेल्यातलं बरंच उघड्यावर फुटतं: तांब्यासाठी वायरी जाळतात, त्यातून डायॉक्सिन हे विष निघतं, सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात आणि ते ॲसिड गटारात जातं. भंगारवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्याकडे दुसरी सोयच नसते. म्हणून माल अधिकृत रिसायकलरला द्या आणि पावती मागताना ‘कॉम्प्युटर, १० नग’ यावर समाधान मानू नका. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर असलेलं, डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र घ्या. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर ती उचकटू किंवा दाबू नका, देतानाच सांगा. ती पेट घेते.

आणि मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते यंत्र कोपऱ्यात उभं असतं: मोठा कॉपियर. बऱ्याच मॉडेलांत हार्ड डिस्क असते आणि झेरॉक्स काढलेल्या, स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यात राहू शकतात. भाड्याने घेतला असेल तर परत करण्याआधी मेनूतला डिस्क पुसण्याचा पर्याय शोधा. सापडला नाही, तर नेणाऱ्याकडून डिस्क पुसल्याचं लेखी घ्या.