"हांगा सही करूं मगे, बाय?"

आज सकाळी डिचोलीला बँकेत पासबुक छापायला गेले. मशीन बंद, म्हणून बाकावर बसून राहिले. शेजारच्या टेबलापाशी सत्तरी कधीच ओलांडलेली एक आजी. दोन लाखांच्या एफडीची मुदत भरलेली. समोर टाय लावलेला मुलगा, गोड बोलणारा. "ही एफडीच आज्जे, पूण व्याज चड." फॉर्मवर चार ठिकाणी पेन्सिलीच्या फुल्या मारून त्याने कागद पुढे सरकवला. आजीने पेन उचललं आणि का कोण जाणे, माझ्याकडे वळून विचारलं, "हांगा सही करूं मगे, बाय?"

मी कागद ओढून घेतला. एफडी कसली! नातवाच्या नावाने विमा पॉलिसी, दर वर्षी दोन लाखांचा हप्ता, दहा वर्षं. या बाईच्या आयुष्यभराच्या साठवणीचा तो एकच हप्ता होता. पुढचे नऊ कुठून आणणार होती ती? काजूच्या बिया विकून?

तेव्हापासून डोकं तापलंय. त्यात घरी येऊन मोबाईल उघडला तर आपल्यातल्याच एकाची पोस्ट: लोकांना हाव सुटते म्हणून लोक फसतात. हाव? अहो, त्या आजीला कसली हाव होती? मुलगा इतका समजावतोय, नाही कसं म्हणायचं, एवढंच. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

माझे बाबा शाळेत गणित शिकवायचे. चक्रवाढ व्याज हा त्यांचा लाडका धडा. 72 ला व्याजदराने भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते साधारण कळतं, हे मला चौथीत असताना त्यांनीच शिकवलं. आणि याच माणसाने निवृत्तीनंतर ऐंशी हजार रुपये 'तीन वर्षांत दुप्पट'वाल्या स्कीममध्ये घातले. 72 भागिले 3, म्हणजे 24 टक्के. वर्गातल्या कुठल्याही पोराला त्यांनी विचारलं असतं, "इतकं कोण देतं रे?" पण फॉर्म घेऊन आला होता त्यांच्या भजनातला पखवाजवाला. गणेशचवथीच्या दिवशी, गणपतीवर टांगलेल्या आमच्याच माटोळीखाली बसून, नेवऱ्या खात. बाबांनी सही केली.

दीड वर्षात ऑफिसला कुलूप. पखवाजवाल्याचेही पैसे गेले, हेही सांगायला हवं. पुढच्या चवथीला तो आला, बाबांनी त्याला पाट दिला, आरती झाली. स्कीमबद्दल अवाक्षर नाही. पोलिसांत तक्रार नाही. मास्तर फसला असं गावात व्हायला नको म्हणून. ते निळं सर्टिफिकेट मला बाबा गेल्यावर कपाटात मिळालं, आम्हा भावंडांच्या जन्मदाखल्यांच्या फाईलमध्ये, नीट घडी घालून.

तर हावेबिवेचं मला सांगू नका.

बाजारात रोज संध्याकाळी दुकानावर पतसंस्थेचा पिग्मीवाला येतो, रोजची बचत गोळा करायला, त्याला आपण चहा पाजतो, पण पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं 5 लाखांपर्यंतचं विमासंरक्षण नसतं हे त्याला विचारायला जीभ रेटत नाही. पतसंस्था सगळ्या वाईट नसतात, मान्य. माझंही खातं आहे एकीत. विमाही वाईट नाही. मुलं लहान असताना घेतलेला साधा टर्म विमा मी अजून भरते. आणि त्या टायवाल्या मुलावर टार्गेटचा दट्ट्या असणार, तोही कुणाचा तरी मुलगाच. पण म्हणून सत्तरीच्या बाईच्या गळ्यात दहा वर्षांची पॉलिसी?

ज्यांची सही होऊन गेलीय त्यांच्यासाठी: पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत लेखी कळवून ती परत करता येते. मुद्रांक वगैरेचे थोडे कापून पैसे मिळतात. पोच घ्या, तोंडी बोलण्यावर राहू नका. कंपनीने दाद दिली नाही तर 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा, पुढे विमा लोकपाल आहे. आणि पोलीस असल्याचं सांगून, 'डिजिटल अरेस्ट' म्हणून व्हिडिओ कॉलवर कुणी डांबून ठेवलं तर फोन कापा, असली अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा 1930 नंबर लावा. लाज नंतर वाटून घ्या, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. बाबांच्या वेळी असला नंबर नव्हता. असता तरी त्यांनी लावला नसता, हे लिहिताना आत्ता जाणवतंय. राग निवळतोय थोडा.

तर आजी. मी त्या मुलाला म्हटलं, "काकीला एफडीच करायची आहे, साधी, एका वर्षाची." तो लाल झाला, पण दुसरा फॉर्म काढला. तो मी भरून दिला, आजीने सही केली, सावकाश, एकेक अक्षर. आम्ही दोघी बसस्टँडपर्यंत बरोबर चालत आलो. वाटेत ती गप्पच होती. बस लागली तशी माझा हात धरून म्हणाली,

"त्या भुरग्याक वायट दिसलें आसतलें, न्ही गे?"