‘आज’ हा शब्द कोणत्या बाजूचा?

परवा एका अंत्यविधीत लूककृत शुभवर्तमानाच्या २३व्या अध्यायातील ४३वे वचन वाचले गेले. त्यात वधस्तंभावरचा येशू शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याला म्हणतो: “मी तुला खचीत सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.” समोर बसलेल्या कुटुंबाचा सगळा धीर त्या एका ‘आज’मध्ये होता, आणि तो शब्द ‘असशील’कडे जोडायचा की ‘सांगतो’कडे, हे ग्रीक मुळात कोणत्याही चिन्हाने ठरवलेले नाही. चौथ्या शतकातील व्हॅटिकन हस्तलिखितासारख्या जुन्या प्रतींत तर दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. यहोवाचे साक्षीदार हा पंथ आपल्या भाषांतरात ‘आज’ हा शब्द ‘सांगतो’कडे घेतात; म्हणजे अभिवचन आजचे, सुखलोक पुढचा. सिरियाक या प्राचीन भाषेतील जुन्या भाषांतराच्या एका हस्तलिखितातही हाच अर्थ घेतलेला आहे, त्यामुळे अलीकडची पळवाट म्हणून तो झटकून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

तरीही माझे मत रूढ वाचनाच्या, म्हणजे ‘आज’ हा शब्द ‘असशील’कडे घेण्याच्या, बाजूने आहे. वधस्तंभावरच्या त्या अपराध्याने विनवणी केली होती ती, आपण राजाधिकाराने याल ‘तेव्हा’ माझी आठवण करा, अशी. त्या ‘तेव्हा’ला मिळालेले उत्तर ‘आज’ हे आहे. शिवाय जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी तारण आले तेही लूक ‘आज’ असेच सांगतो.

विरामचिन्हावर अर्थ अवलंबून असणारे हे एकच वचन नाही. रोमकरांस पत्राच्या ९:५ मध्ये तर पूर्णविराम कुठे द्यावा यावर ख्रिस्ताला तिथे ‘देव’ म्हटले आहे की नाही हे अवलंबून असते. १९४६ च्या सुधारित इंग्रजी नव्या कराराने ‘ख्रिस्त’नंतर वाक्य संपवले, तर त्याच परंपरेतील १९८९ च्या आवृत्तीने ते पुढे चालू ठेवले.

मराठीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. इंग्रजीत शब्द जागेवर ठेवून नुसता स्वल्पविराम सरकवता येतो, पण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे भाषांतरकाराला ‘आज’ हा शब्दच उचलून एका बाजूला ठेवावा लागतो. मेजर कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजवली नसती, तरी हा निर्णय शब्दक्रमानेच होऊन गेला असता, आणि इथे काही निर्णय झाला आहे अशी शंकाही वाचकाला आली नसती. म्हणून मराठी पवित्र शास्त्राच्या प्रत्येक आवृत्तीत त्या वचनाखाली एक ओळीची तळटीप असावी, असे मला मनापासून वाटते: “किंवा, मी आज तुला खचीत सांगतो, तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.”