संघ बंद करून फुटबॉल वाढत नाही, दाजी

मंगळवारी, २ डिसेंबर २०२५ ला रात्री दाजींनी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फॉरवर्ड केला. बुधवारी सकाळी ताईचा फोन आला, "त्याचं मैदान बंद केलंय यांनी. बूट माळ्यावर टाकलेत." तो म्हणजे माझा भाचा. वय चौदा, राईट विंगला खेळतो, रोज पहाटे साडेपाचला कुणी न उठवता उठतो. एका फॉरवर्डमुळे त्याची पहाट गेली, म्हणून हे लिहितोय.

मेसेज बऱ्याच जणांनी वाचला असेल. १८ नोव्हेंबरला ढाक्यात आपण बांगलादेशाकडून ०-१ हरलो, तेव्हापासून तो फिरतोय आणि माझ्याकडेच चार ग्रुपवरून आलाय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: १९५० साली बूट नव्हते म्हणून आपल्याला वर्ल्ड कपमधून हाकललं, म्हणजे हा आपला खेळ कधी नव्हताच. १४० कोटींत अकरा पोरं मिळत नाहीत. सगळा पैसा क्रिकेटने खाल्ला. परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू आणले की प्रश्न मिटतो. आणि ते होत नसेल तर दहा वर्षं सगळे राष्ट्रीय संघ स्पर्धांतून मागे घ्या, पैसा वाचवा, आईबापांनी पोरांची वर्षं वाया घालवू नयेत. खाली हात जोडलेले आणि "जास्तीत जास्त शेअर करा".

आधी १९५० चं बघू, कारण हे मी लहानपणापासून ऐकतोय. ब्राझीलच्या त्या वर्ल्ड कपला भारताला जागा मिळाली होती हे खरं. आपल्या गटातल्या ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्सने माघार घेतल्यामुळे ती न खेळताच मिळाली, हेही खरं. पण आपल्याला कुणी हाकललं नाही. आपला संघ आपल्याच महासंघाने पाठवला नाही. सरावाला वेळ कमी आणि निवडीवरून मतभेद, अशी कारणं तेव्हा दिली गेली. लांबचा बोटीचा प्रवास आणि खर्च हेही होतंच. शिवाय आपल्या अधिकाऱ्यांना तेव्हा वर्ल्ड कपपेक्षा ऑलिंपिक मोठं वाटायचं. कर्णधार म्हणून जे गेले असते त्या शैलेन मन्नांनीच पुढे सांगितलंय की बुटांचं कारण खरं नव्हतं. अनवाणी खेळायचो का? हो, खेळायचो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बरेचसे खेळाडू अनवाणी होते, आणि फ्रान्सशी १-२ हरताना आपण दोन पेनल्टी घालवल्या. १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतलं, त्यानंतर बूट सक्तीचे झाले. एवढंच त्या बुटांचं प्रकरण.

"आपला खेळ नाही" म्हणणाऱ्यांना मी फक्त सालं सांगतो. १९५१, दिल्ली, एशियाड सुवर्ण. १९५६, मेलबर्न ऑलिंपिक, चौथा क्रमांक, आणि त्यात यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसूझाची हॅट्ट्रिक. हा नेव्हिल मुंबईत टाटांकडून खेळायचा. १९६२, जकार्ता, दक्षिण कोरियाला २-१ हरवून पुन्हा एशियाड सुवर्ण. आणि दाजी, तुम्ही कोल्हापुरात राहता. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना शाहू स्टेडियमवर असला की मंगळवार पेठेत आणि शिवाजी पेठेत त्या दिवशी काय वातावरण असतं, हे तुम्हाला मी सांगावं? याच गावचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला.

१४० कोटींचा मुद्दा ऐकायला जोरदार आहे, पण लोकसंख्या फुटबॉल खेळत नाही. २०२६ च्या वर्ल्ड कपला कॅरिबियनमधलं चिमुकलं क्युरासाओ पात्र ठरलं. त्याची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या इचलकरंजीहून कमी. २०१८ ला आइसलँड खेळलं, ते कोल्हापूर शहराहून लहान. दुसरीकडे चीन एवढा मोठा, तो आजवर एकदाच, २००२ साली, वर्ल्ड कपला गेलाय आणि एकही गोल न करता परतलाय. मोजायची ती डोकी नाहीत. आठ वर्षांच्या पोराला वर्षात किती खरे सामने मिळतात, ते मोजा. रेफ्री असलेले, वेळापत्रक असलेले, हरलो तर पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरता येईल असे सामने. माझ्या भाच्याला गेल्या पूर्ण वर्षात असे अकरा मिळाले. अकरा! त्याच्या वयाचा युरोपातला पोरगा तेवढे एका हंगामाच्या अर्ध्यातच खेळून मोकळा होतो. ही ओरड करा, मी सगळ्यांत पुढे असेन.

क्रिकेटवर फार बोलत नाही. ऑस्ट्रेलियातही क्रिकेट आहे, आणि २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये त्यांनी बाद फेरी गाठली. दुसऱ्याच्या ताटात जास्त आहे म्हणून आपलं रिकामं, असं नसतं.

परदेशी वंशाच्या खेळाडूंच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. त्या क्युरासाओचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्येच जन्मले आणि घडले. पण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असून चालत नाही, भारताकडून खेळायला भारताचा पासपोर्ट लागतो. म्हणजे पोटापाण्याचा दुसऱ्या देशाचा पासपोर्ट सोडायचा. अराता इझुमीने तो सोडला होता. वडिलांकडून भारतीय असलेला हा जपानी खेळाडू आपल्या पुणे एफसीकडून खेळायचा, आणि २०१३ मध्ये भारताच्या निळ्या जर्सीत उतरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याची आई मूळची मुंबईची. अशा माणसांचं स्वागत व्हायलाच हवं. पण बारा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उदाहरणं नाहीत, त्यावर देशाचा संघ कसा उभा राहील? त्यांच्या बाजूला उरलेले दहा जण इथलेच लागणार.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यामुळे बूट माळ्यावर गेले. दहा वर्षं सगळे संघ मागे घ्या.

मी १४ ऑक्टोबरला मडगावला होतो. भाच्याला घेऊनच गेलो होतो. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर सिंगापूरविरुद्ध सामना, आशियाई कपचं दार उघडं ठेवायला जिंकणं भाग. पाच दिवस आधी त्यांच्याच घरी आपल्या झिंगनला रेड कार्ड मिळून दहा जण उरले असताना रहीम अलीने ९० व्या मिनिटाला बरोबरी साधली होती, त्यामुळे आम्ही आशेने गेलो होतो. छांगटेने १४ व्या मिनिटाला गोल केला तेव्हा भाचा माझ्या खांद्यावर चढायचा बाकी होता. मग त्यांच्या साँग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि ५८ व्या मिनिटाला दुसरा मारला. १-२. सौदीतल्या २०२७ च्या आशियाई कपला चोवीस संघ असतील आणि आपण नसू. परतताना आंबोलीच्या घाटापर्यंत पोरगं एक शब्द बोललं नाही. मग म्हणालं, "मामा, दुसऱ्या गोलला त्याला कुणी धरलंच नव्हतं." हरलेला सामना त्याने डोक्यात पुन्हा खेळून काढला होता. संघ मागे घ्या म्हणणाऱ्याला हे कळत नाही, की पोरं जिंकलेल्या सामन्यांइतकीच हरलेल्या सामन्यांतून शिकतात. सामनाच नसेल तर शिकायचं कशातून?

आणि बंदी म्हणजे काय असतं हे आपण पाहिलंय. ऑगस्ट २०२२. महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफाने भारताला निलंबित केलं. पुरते दोन आठवडेही नाही, २६ ऑगस्टला निलंबन उठलं. त्या एवढ्याशा दिवसांत काय झालं ते विसरू नका. गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचला होता. देशाचे चॅम्पियन म्हणून कमावलेली जागा होती ती. त्या मुलींना एकही मिनिट न खेळता परत यावं लागलं. बंदी उठली तोवर त्यांची स्पर्धा हातची गेली होती. त्यांनी काय चूक केली होती? भांडण खुर्च्यांचं होतं आणि भरपाई त्यांनी केली. ही अकरा-बारा दिवसांची किंमत. मेसेजवाला दहा वर्षं म्हणतोय.

दहा वर्षांत पोरांच्या दोन पिढ्या जातात. आज चौदाचा आहे तो चोविसाचा होईल, आणि देशाकडून एकही सामना न खेळता होईल. परतल्यावर आशियाच्या पात्रता फेरीत तळाच्या संघांबरोबर प्लेऑफपासून सुरुवात. फिफाच्या विकासनिधीलाही कात्री, म्हणजे पैसा वाचण्याची गोष्टच खोटी. शिवाय ही सुट्टी आपण एकदा घेऊन बघितलीय. १९५० नंतर वर्ल्ड कप पात्रतेचा पहिला सामना आपण खेळलो तो थेट १९८५ मध्ये. आशियाई कपमध्ये १९६४ ला उपविजेते, त्यानंतर पुन्हा दिसलो १९८४ ला. त्या वीस वर्षांत जपान आणि कोरिया कुठे गेले आणि आपण कुठे राहिलो? घरी बसून ताकद वाढत असती तर नोव्हेंबर २०२५ च्या फिफा क्रमवारीत आपण १४२ व्या क्रमांकावर नसतो.

आणि "सगळे संघ" म्हणजे कोण, हे त्या मेसेजवाल्याला माहीत तरी आहे का? ५ जुलै २०२५ ला चियांग माईत आपल्या मुलींनी थायलंडला २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. हा थायलंड दोनदा महिला वर्ल्ड कप खेळलेला संघ. त्या विजयाने आपला महिला संघ पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून मार्च २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या आशियाई कपला पात्र ठरला. त्यांना सांगायचं होतं का, पुरुष ढाक्यात हरले म्हणून तुम्ही विमानात बसू नका? आणि गेल्याच रविवारी, ३० नोव्हेंबरला, अहमदाबादेत गोव्याच्या बिबियानो फर्नांडिसांच्या १७ वर्षांखालच्या पोरांनी इराणला २-१ हरवलं. त्यांच्या वयोगटाच्या आशियाई कपला जायला इराणला बरोबरी पुरत होती, आपल्याला जिंकावंच लागणार होतं, आणि आपण एका गोलने मागे होतो. ही पोरं भाच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी आहेत. दाजी, तुमचा मेसेज आला तो या सामन्यानंतर दोन दिवसांनी.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. देशाची सर्वोच्च लीग २०२५ च्या अखेरीस बंद पडली होती, व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही, काही क्लबांनी पगार थांबवले. तेरा-चौदा महिन्यांत स्टिमाच, मग मानोलो, मग आपले खालिद जमील, असे तीन प्रशिक्षक झाले, आणि त्यातले मानोलो वर्षभर एफसी गोवाही सांभाळत होते. छेत्रीला चाळिशीत निवृत्तीतून परत बोलवावं लागलं, कारण लीगमध्ये नऊ नंबरच्या, म्हणजे पुढे राहून गोल मारणाऱ्याच्या जागी बहुतेक क्लब परदेशी खेळाडू उतरवतात आणि आपली पोरं बाकावर बसतात. यातल्या प्रत्येक गोष्टीचा जाब विचारायला हवा, आणि तो दिल्लीतल्या महासंघाला विचारायचा. चौदा वर्षांच्या पोराला नाही. त्याला तुम्ही सरावाबरोबर अभ्यास कर म्हणा, दहावीला इतके टक्के हवेत म्हणा, मी तुमच्या बाजूने बोलेन.

रविवारी सहाला त्याच्या संघाचा सराव सामना आहे. मी साडेपाचला गाडी घेऊन खाली येतो. बूट तेवढे शनिवारी रात्री माळ्यावरून काढून ठेवा, कडक झाले असतील.