पाव किलो जाडं मीठ

मालवणच्या बाजारात सध्या मी 'माशांचो डॉक्टर' आहे. ही पदवी कुठल्या विद्यापीठाने दिलेली नाही. किराणा दुकानाच्या पायरीवर पाऊस थांबायची वाट बघत बसलेल्या, सुकी मासळी विकणाऱ्या एका काकींनी ती बहाल केली, आणि परत घ्यायची त्यांची अजिबात तयारी दिसत नाही.

प्रकरण साधं. घरातल्या शोभेच्या माशांच्या टाकीत स्वॉर्डटेल जातीचा नवा मासा आणला आणि थोड्याच दिवसांत आधीच्या काळ्या मोली माशाच्या अंगावर पांढरे दाणे उठले. मासे दगडाला अंग घासायला लागले. व्हाइट स्पॉट. मासे पाळणारे त्याला नुसतं 'इक' म्हणतात, कारण १८७६ साली त्याच्या जंतूला दिलेलं इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हे नाव पूर्ण उच्चारेपर्यंत मासा दगावतो. उपाय म्हणजे पाणी हळूहळू तिसेक अंशापर्यंत तापवायचं, हवेचा पंप जोरात सोडायचा आणि मीठ घालायचं. म्हणून मी दुकानात गेलो.

"पाव किलो जाडं मीठ द्या."

"लोणच्याक उशीर झालो आता," दुकानदार म्हणाला.

"लोणचं नाही. माशांसाठी."

हे वाक्य जुलै महिन्यात, मालवणात, ऐन मासेमारी बंदीत मोठ्याने बोलायचं नसतं. पायरीवरच्या काकींची मान गर्रकन वळली.

"खंयचे मासे गावले रे तुका?"

"मोली आहे, आणि…"

"मोरी? ह्या दिवसात?"

"मोरी नाही हो काकी, मोली. एवढीशी." मोरी म्हणजे लहान शार्क. मी बोटाचं पेर दाखवलं.

"एवढ्याशा माशाक पाव किलो मीठ? खारट होतलो मरे!"

"खायचे नाहीत. आजारी आहेत."

पागोळ्यांखाली उभे असलेले दोघे आत सरकले. दुकानदाराने तराजू खाली ठेवला. मी मोबाइलवर मोलीचा फोटो काढून दाखवला. सहानुभूती मिळेल अशी एक भाबडी आशा होती. काकींनी मोबाइल लांब धरला, डोळे बारीक केले आणि जाहीर केलं, "ह्येका रवो लावून झालो हा. आता नुसतो तव्यार घाल."

हशा. माझ्या मोलीचा जीव टांगणीला आणि दुकानदार खुर्चीला धरून हसतोय.

"काकी, मीठ पाण्यात घालायचं. लिटरला २ ग्रॅम."

"मगे दर्यात सोड. थंय मीठ फुकट."

"दर्यात लिटरला ३५ ग्रॅम असतं. हे गोड्या पाण्यातले मासे आहेत."

"गोड्या पाण्यातलो मासो हाडतंस, आणि पाणी खारा करतंस," काकी शांतपणे म्हणाल्या. "मगे तो गोडो की खारो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी शास्त्राचा आधार घेतला. सांगितलं, हा जंतू माशाच्या कातडीखाली दडून बसतो, तिथं औषध पोचत नाही. पोट भरलं की तो सुटून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं पोहत सुटतात, दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. मीठ लागू पडतं ते या पोहणाऱ्यांना. म्हणून ठिपके गेले तरी उपचार थांबवायचे नाहीत.

"म्हणजे पोरांका मारतंस आणि आवशीक सोडतंस," काकी म्हणाल्या.

इतका नेमका सारांश मी कुठे वाचला नव्हता. पण मग मागून एकाने कोकमाचं आगळ लावायला सांगितलं, दुसऱ्याने हळद, आणि तिसऱ्याने तिरफळं, 'वास जाता' म्हणून. वास येत नाहीये, जिवंत आहेत, असं मी ओरडलो तेव्हा समोरचा सायकलवालाही थांबला. शिरोड्याला १९३० साली लोकांनी मिठासाठी लाठ्या झेलल्या. मला त्याच जिल्ह्यात पाव किलो मिठासाठी एवढं ऐकून घ्यावं लागलं, आणि वर दुकानदाराने सुटं देत नाही म्हणून किलोची पिशवी गळ्यात मारली. ६० लिटरच्या टाकीला लागतं १२० ग्रॅम.

काकींचा राग नाही. निघताना त्यांनीच विचारलं, "कल्ले बघलंस? लाल असत?" मासळीबाजारातला प्रश्न, पण नेमका. हा रोग कल्ल्यांत शिरला की मासा श्वासाला महाग होतो, कधीकधी अंगावर एकही ठिपका नसताना. राग आहे तो मासे विकणाऱ्यावर. त्याच्या सगळ्या टाक्यांत एकच जाळी बुडते, एका टाकीतलं दुखणं दुसरीत जातं, आणि विचारलं तर म्हणतो, "पाणी बदललं की होतं असं." औषध म्हणून निळ्या पाण्याची बाटली दिली, तिच्यावर ना नाव, ना प्रमाण. कार्बनचा फिल्टर चालू ठेवला तर तो औषधच शोषून घेतो, हेही त्याने सांगितलं नाही. जनावरांच्या दवाखान्यात फोन केला, तर पलीकडून "गाय, म्हैस, शेळी, कुत्रा" अशी यादी ऐकवून फोन ठेवला. विकणाऱ्याचा शेवटचा सल्ला होता, "साठ रुपयांचा मासा, नवीन घ्या ना." कुत्रा विकताना असं म्हणून बघ म्हणावं. आणि नवीन घ्यायचा तो कुठून, तर याच्याच त्या टाकीतून!

त्यात वीज. पाणी जरा तापलं की जायची, हीटर आणि पंप दोन्ही गप्प. मी रात्री मगाने टाकीतलंच पाणी उचलून वरून धार सोडत बसायचो, हवा मिसळावी म्हणून. बायको दारात उभी राहून बघायची आणि काही न बोलता आत जायची. बोलली असती तर बरं झालं असतं.

मोली वाचली. ज्याने रोग आणला तो स्वॉर्डटेलही टुणटुणीत आहे. काकी बाजारात दिसल्या की लांबून ओरडतात, "डॉक्टर, पेशंट खातत काय?" आणि बातमी आता वाडीवाडीत पोचली आहे. काल एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्याची कोंबडी लंगडते. मीठ किती घालायचं, विचारत होता.