डायनोवर घोडे वाढवण्याची नागपुरी रीत

टर्बोचार्ज्ड (इंजिनात दाबाने जादा हवा कोंबणाऱ्या) गाडीचा रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या सेटिंग्जचा बदल, करून घेतल्यावर तिच्या शक्तीचा आकडा एकट्या इंजिनावर सोपवण्याइतके भोळे आपण राहू नये. आकडा घडवावा लागतो आणि त्या कामी नागपूरच्या हवामानासारखा मदतनीस दुसरा नाही.

रिमॅपपूर्वीचे डायनोवरचे, म्हणजे चाकांवरची शक्ती मोजणाऱ्या रोलरवरचे, मापन मे महिन्यात भर दुपारी उरकावे. बाहेर ४५ अंश, शेडची दारे बंद आणि पंख्याचे तोंड टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरऐवजी रिमॅप करणाऱ्या ट्यूनरकडे, अशा थाटात लागोपाठ चार रन घेतले की इंटरकूलर तापतो, आत जाणारी हवा विरळ होते, नॉकच्या (इंधन अवेळी पेटण्याच्या) भीतीने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा टाकतो) आणि आकडा मनासारखा खाली येतो. हा आलेख करेक्शनशिवाय, म्हणजे हवामानानुसार आकड्याची दुरुस्ती न करता, छापून घ्यावा.

रिमॅपनंतरचे मापन मात्र डिसेंबरच्या पहाटे, टायरमध्ये हवा ठासून आणि करेक्शनसह करावे. एसएई (अमेरिकेतली वाहन अभियंत्यांची संस्था) पद्धतीचे करेक्शन आकडा २५ अंशांच्या हवेशी जुळवते. त्यामुळे हवेचे तापमान मोजणारा सेन्सर रेडिएटरशेजारी टांगून त्याला १२ ऐवजी ४० अंश दाखवले, तर बिचारे सॉफ्टवेअर इंजिनाची कीव करून पाच टक्क्यांहून अधिक शक्ती पदरात टाकते. १३० अश्वशक्तीवर हे सातेक घोडे झाले, तेही चाऱ्याच्या खर्चाशिवाय. टर्बो आपला बूस्ट (हवेचा दाब) स्वतःच सांभाळत असल्याने साध्या इंजिनासाठी बेतलेले हे सूत्र त्याला जरा जास्तच उदार पडते, अशी शंका कोणी काढलीच तर चहा मागवावा.

चाकांवरचा आकडा चारचौघांत सांगणे तर कमीपणाचेच. गिअरबॉक्समध्ये १५ टक्के शक्ती खर्च होते असे धरले, तर चाकांवरच्या १३० चे इंजिनावर १५३ होतात. २५ टक्के धरले, तर १७३. गिअरबॉक्स तोच, फक्त त्याची बदनामी वाढवायची.

बूस्टमध्ये इंधन थोडे जास्त सोडून पिस्टन थंड ठेवण्याची जुनी चाल आपण मोडीत काढावी. डायनोवरचा रन दहा-पंधरा सेकंदांत संपतो आणि तेवढ्यात सहसा काही वितळत नाही. पुढे समृद्धी महामार्गावर, वर्धा जिल्हा ओलांडण्याआधीच, ओव्हरटेक करताना बॉनेटखालून नॉकची खडखड ऐकू आली तर गाण्यांचा आवाज वाढवावा, आणि पिस्टनला भोक पडलेच तर टाकी शेवटची जिथे भरली त्या पंपाच्या पेट्रोलला नावे ठेवावीत.