८० पैकी ४३

माझ्या वस्तऱ्याच्या मानेवर, खिळ्याच्या जरा वर, '४३/८०' असं बारीक कोरलेलं आहे. २०१६ साली जर्मनीतल्या झोलिंगेनमधल्या एका छोट्या कारखान्यातून तो घेतला. पातं कागदासारखं पातळ होईपर्यंत दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं. मूठ शेकडो वर्षं दलदलीत पडून काळ्या पडलेल्या ओकच्या लाकडाची. त्या लाकडात ८० मुठी बसल्या, म्हणून ८० वस्तरे. त्यानंतर नाही.

गेल्या महिन्यात त्याच कारखान्याचं जुन्या गिऱ्हाइकांना पत्र आलं. तो वस्तरा पुन्हा करावा असं आमच्या मनात आहे, तुम्हाला काय वाटतं?

मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायची लाज वाटते. मी चिडलो. त्या ऐंशीतला एक वस्तरा मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त भावाने विकला गेलेला मी पाहिला होता, आणि तेव्हापासून माझ्या कपाटातल्या वस्तऱ्याकडे बघताना मनात हिशोब चालू असायचा. त्या तिरीमिरीत कोल्हापूरला मामेभावाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, वस्तरा हाय का सातबारा? त्यांनी आणखी केलं तर तुझा काय बांध कोरला जातोय?"

४३/८०. खरंच गट नंबरासारखं दिसतं.

झोलिंगेनमध्ये राहून मला बारा वर्षं झाली. गाव पात्यांचं. सरकारी नावातच 'पात्यांचं शहर' आहे. १९३८ पासून या गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे: पातं घडवण्याची सगळी महत्त्वाची कामं झोलिंगेनमध्ये किंवा शेजारच्या हानमध्ये झाली असतील, तरच त्यावर 'झोलिंगेन' कोरता येतं. वुपर नदीकाठी पाणचक्कीवर चालणाऱ्या घासणाऱ्यांच्या झोपड्या होत्या, त्यांना इथे कोटेन म्हणतात. दोन-तीन अजून उभ्या आहेत. तिथल्या वालुकाश्माच्या चाकांच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन माणसं तरुणपणीच जायची. आणि घासलेला माल डोक्यावरच्या टोपलीतून व्यापाऱ्याकडे पोहोचवायच्या त्या बायका. गावात त्यांचा पुतळा आहे. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या भाजीवाल्या आठवल्या.

वस्तऱ्याच्या धंद्याला घरघर लावली ती जिलेटने. वापरून फेकायच्या पात्याच्या रेझरचं त्याचं पेटंट १९०४ चं. त्याच्या आदल्या वर्षी, विक्रीच्या पहिल्या वर्षात, त्याचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती. म्हणजे माझ्या ८० पेक्षाही दुर्मिळ! पण त्याने काही ते 'मर्यादित आवृत्ती' म्हणून मिरवलं नाही. त्याला आणखी विकायचे होते.

झोलिंगेनमध्ये हेंड्रिक्स नावाचा जुना लोहारकारखाना आहे. १८८६ मध्ये निघाला, बरोबर शंभर वर्षांनी बंद पडला आणि आता संग्रहालय आहे. तिथे कात्र्यांचे कच्चे तुकडे अजूनही ठोकून दाखवतात. लालभडक लोखंड साच्यावर ठेवतात, वरून घण सुटतो आणि बुटाच्या तळव्यातून हादरा थेट दातांपर्यंत जातो. मागच्या भिंतीला पोलादी साचे रचून ठेवलेत, मेलेल्या मापांचे. ते बघितलं की कळतं, आकार काही मरत नाही. साचा पुसला, घणाखाली ठेवला, की तुकडा परत तयार. मरतो तो घासणाऱ्याचा हात. माझा वस्तरा ज्यांनी घासला ते गृहस्थ निवृत्त झाले. आता त्यांच्या चाकावर त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी बसते. असं पातळ पातं घासताना जरा जास्त दाब पडला की ते तापून निळं पडतं आणि भंगारात जातं. चांगलं उतरलं, तर अंगठ्याच्या नखाने हलकेच छेडल्यावर किणकिणतं. इथले लोक म्हणतात, पातं गातं. ते गायला लावायला तिला शेकडो पाती घासावी लागणार, आणि ती कुणीतरी विकत घ्यावी लागणार. माझ्या कपाटातल्या वस्तऱ्याचा भाव टिकावा म्हणून तिने काय दुसऱ्यांच्या सुऱ्यांना धार लावत बसायचं?

कोल्हापूरच्या माणसाला खरं तर हे सांगायलाच नको. आमचे वडील कापशी चप्पल वापरायचे, सुभाषनगरातल्या चपला करणाऱ्या एकाच मामांकडची. मामांकडे वडिलांच्या पायाची कागदावर काढलेली आकृती होती. जोड झिजला की वडील जाऊन एवढंच म्हणायचे, "तसलीच." मामा म्हणायचे, "म्हैन्याभरानं या की." नवीन जोडाची करकर आळीच्या तोंडापासून ऐकू यायची. तसलीच परत करून देणं हाच तो धंदा. त्याला पुनर्निर्मिती वगैरे कुणी म्हटलं नाही. मर्यादा होती ती मामांच्या दोन हातांची, जाहिरातीची नव्हे.

म्हणून गेल्या वर्षीचा आपल्याकडचा गदारोळ मला इथून अर्धवट वाटला. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. लोक चिडले, आणि बरोबर चिडले. डिसेंबरात करार झाला: महाराष्ट्र-कर्नाटकात २,००० जोड बनणार, किंमत सुमारे ८०० युरो. भावकीच्या ग्रुपवर फेटे उडाले. ८०० वर सगळे बोलले, २,००० वर कुणीच नाही. दोन हजार एकावा जोड शिवायचा की नाही, हे कोण ठरवणार? आकडा ज्याच्या हातात, धंदा त्याच्या हातात.

पण घरची सगळीच रीत शहाणपणाची, असंही नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांसाठी. तरी रस्त्यावर रेक्झिनच्या चपला त्याच नावाने खुशाल विकल्या जातात. आणि मामांचं नाव त्यांच्या एकाही चपलेवर नव्हतं. आम्हीसुद्धा घासाघीस करूनच पैसे द्यायचो. इथे झोलिंगेनमध्ये कारागीर आपली खूण पात्यावर ठोकतो आणि कोरलेला आकडा पाळतो. ती शिस्त मला हवी आहे.

तेव्हा पत्राला उत्तर पाठवलं. वस्तरा जरूर करा, पण ८० चा आकडा मोडू नका, तो तुमचा शब्द होता. मूठ दुसऱ्या लाकडाची घ्या, वर नवीन वर्ष कोरा आणि जी घासणार तिची खूण ठोका. नंबर घालूच नका. दर वर्षी करा.

चार दिवसांनी उत्तर आलं. आभार मानले होते, आणि खाली एक ओळ होती: तुमच्या वस्तऱ्याची धार कशी आहे? गेली असेल तर पाठवून द्या.

धार कशी आहे ते मला माहीतच नव्हतं. तो दुपटीचा भाव पाहिल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, मी त्याने दाढी केलीच नव्हती. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. आज सकाळी काढला, चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस वेळा फिरवला, फेस केला. हनुवटीखाली कापलं. सवय गेली होती. तुरटी शोधण्यात ऑफिसला उशीर झाला.